टेक डेटची वही: कोणतं कर्ज फेडायचं आणि कोणतं राहू द्यायचं

पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीत रुजू झालो त्या आठवड्यात मी जिरा, म्हणजे कामांची तिकिटं ठेवायचं टूल, उघडून ‘टेक डेट’ (कोडमधली उधारी) हे लेबल शोधलं. २१४ तिकिटं निघाली. सगळ्यांत जुनं चार वर्षांपूर्वीचं, लिहिणारा केव्हाच कॅनडाला गेलेला. मजकूर एका ओळीचा: ‘हे नीट करायला हवं.’ हे म्हणजे काय, नीट म्हणजे कसं, आणि नाही केलं तर कोणाचं काय अडतं, कशाचाच पत्ता नाही. उधारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण वही कोणी ठेवलेली नव्हती.

ही वही कशी मांडायची आणि तिच्यावरून निर्णय कसे घ्यायचे, ते इथे सांगतो. टीम लीड आणि इंजिनिअरिंग मॅनेजर डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, पण रिव्ह्यूमध्ये ‘हे नंतर करू’ असं वाचून चरफडणाऱ्या कोणालाही उपयोग होईल. माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे: मुद्दल (दुरुस्तीला लागणारा वेळ) मोजत बसू नका, व्याज (दुरुस्ती न केल्यामुळे जाणारा वेळ) मोजा.

१. आधी ठरवा, कर्ज कशाला म्हणायचं

कर्जाची उपमा अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांची. १९९२ साली ‘ऊप्सला’ या सॉफ्टवेअर परिषदेत वायकॅश या सॉफ्टवेअरचा अनुभव मांडताना त्यांनी ती वापरली. वायकॅश गुंतवणुकीचे हिशेब ठेवायचं, स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं होतं. काम वित्तक्षेत्रातलं, म्हणून उपमाही तिथलीच. आज जेवढं कळलंय तेवढ्यावर कोड लिहून ग्राहकापुढे ठेवा, वापरातून जे नवं कळेल ते परत कोडमध्ये आणा, असा त्यांचा मुद्दा होता. आणलं नाहीत तर कळलेलं आणि लिहिलेलं यांत जे अंतर पडतं ते कर्ज, आणि त्या अंतरापायी पुढच्या प्रत्येक कामाला जो जास्तीचा वेळ लागतो ते व्याज. या उपमेच्या नावाखाली लोक ढिसाळ कोडचं समर्थन करू लागले, तेव्हा २००९ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की असं काही आपल्याला कधीच म्हणायचं नव्हतं.

त्याच वर्षी सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी कर्जाचे चार चौकोन पाडले: जाणूनबुजून की नकळत, आणि विचाराने की बेफिकिरीने. ऑफिसच्या भाषेत: ‘दिवाळीआधी लाँच हवंय, हे दोन महिन्यांनी दुरुस्त करू’ हे जाणूनबुजून आणि विचाराने. ‘टेस्ट लिहायला वेळ कुणाला आहे?’ हे जाणूनबुजून पण बेफिकीर. ‘लेअरिंग (कोडचे थर पाडणं) म्हणजे काय?’ हे नकळत आणि बेफिकीर. आणि ‘हे कसं बांधायला हवं होतं ते आत्ता कुठे समजलं’ हे नकळत, पण यात कुणाचा दोष नाही. चौथा प्रकार चांगल्यांतल्या चांगल्या टीमलाही चुकत नाही.

आता प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न विचारा: हे असंच राहिलं तर पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या कामाला किती जास्त वेळ लागेल, किंवा काय बिघडू शकेल? उत्तर नसेल तर ते कर्ज नाही, आवडनिवड आहे. ‘अँग्युलर काढून रिॲक्ट आणा’ (एक वेब फ्रेमवर्क काढून दुसरं) हे बहुतेक वेळा दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी असते. बग वेगळा, राहून गेलेलं फीचर वेगळं. आमच्या २१४ पैकी नव्वदेक तिकिटं या एका प्रश्नावरच गळाली.

जाता जाता: एआयकडून लिहून घेतलेला कोड कनिंगहॅमच्या व्याख्येत नीट बसवून पाहा. तिथे समज पुढे गेली आणि कोड मागे राहिला, असं नसतं. समज कोणाच्या डोक्यात आलेलीच नसते आणि कोड मर्ज झालेला असतो. माझ्या मते हे पाचवं खातं, आणि त्याचा व्याजदर अजून कोणालाच माहीत नाही.

२. व्याज कोणाच्या खिशातून जातं ते पाहा

कंपनीला टेक डेटचं महत्त्व कळत नाही, ही तक्रार मी स्वतः दहा वर्षं केली. मग लक्षात आलं की महत्त्व कळतं, पण व्याज त्यांच्या खिशातून जात नसतं.

मी सुरुवात केली ती सर्व्हिस कंपनीत. टाइम अँड मटेरियल पद्धतीचं काम असेल तर तासावर बिल लागतं. तीन दिवसांच्या बदलाला कोडच्या गुंत्यामुळे आठ दिवस लागले तर बिलही आठ दिवसांचं. मुद्दाम कोणी घाण करत नाही, पण साफ करायची घाईही कोणाला नसते. व्याज ग्राहक भरतो आणि आपल्याकडे ते उत्पन्न म्हणून जमा होतं. फिक्स्ड प्राइसमध्ये उलटं. तिथे प्रत्येक जास्तीचा दिवस आपल्या मार्जिनमधून जातो, म्हणून गो-लाइव्हपर्यंत जेवढं उधार घेता येईल तेवढं घ्यायचं आणि वॉरंटी सपोर्ट संपेपर्यंत तग धरायचा. मग केटी, म्हणजे नव्या टीमला माहिती सोपवणं, होते. केटीच्या शेवटच्या स्लाइडवर ‘नोन इश्यूज’ म्हणून चार ओळी असतात आणि कर्ज पुढच्या व्हेंडरच्या नावावर चढतं.

ही परंपरा जुनी आहे. मेमरी महाग होती तेव्हा वर्षाचे दोनच आकडे साठवायचे, ही विचारपूर्वक घेतलेली उधारी होती. २००० साल जवळ आलं तेव्हा ती वायटूके म्हणून अंगावर आली, आणि ती फेडून देण्याच्या कामावर आपल्याकडच्या आयटी सेवा कंपन्यांनी परदेशात चांगलाच जम बसवला. दुसऱ्याचं कर्ज हा आपला धंदा राहिलेला आहे, हे मान्य करून पुढे गेलेलं बरं.

हिंजवडी-खराडीतल्या कॅप्टिव्ह सेंटरची (परदेशी कंपन्यांनी इथे काढलेल्या स्वतःच्या केंद्रांची) गत आणखी निराळी. कोड वीस वर्षांचा, लिहिलेला मुख्यालयात, सांभाळायचा इथे. व्याज इथली टीम रात्रीच्या ऑन-कॉलमध्ये भरते. फेडायची परवानगी मात्र जो झोपेतून कधी उठत नाही त्याच्याकडे. अशा ठिकाणी ऑन-कॉलचे तास आणि सोडून गेलेल्या माणसांची संख्या हेच चलन चालतं. नव्या स्टार्टअपला मात्र मी उधारी कर असंच सांगेन. आठ महिन्यांचे पैसे उरलेत आणि ग्राहक मिळेल की नाही ठाऊक नाही, अशा वेळी शुद्ध आर्किटेक्चर ही चैन आहे.

तेव्हा वही मांडण्याआधी एका कागदावर लिहा: आमच्याकडे उशिराची किंमत कोण मोजतं? तुमचा सगळा युक्तिवाद त्या माणसाच्या भाषेत व्हायला हवा.

३. हॉटस्पॉट शोधा

हे काम एका दुपारचं आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासातून गेल्या बारा महिन्यांत कोणती फाइल किती वेळा बदलली ते काढा. आपोआप तयार होणाऱ्या फाइली आणि लॉक-फाइली वगळा. वरच्या तीस फाइलींपुढे त्यांच्या ओळींची संख्या, किती वेगवेगळ्या लोकांनी हात लावला, आणि त्यांच्याशी जोडलेले बग लिहा. जी फाइल मोठी आहे आणि सारखी बदलतेही, तिथे व्याज चढतंय.

आमच्याकडे सगळे शिव्या घालायचे त्या जुन्या रिपोर्ट जनरेटरला. उघडला की खरंच डोकं धरावंसं वाटायचं. यादी काढल्यावर कळलं की वर्षभरात त्यात दोन बदल झाले होते. पहिल्या क्रमांकावर होती फसलेलं पेमेंट पुन्हा करून पाहणारी एक फाइल: तीन हजारांवर ओळी, १४० बदल, २३ लोकांचे हात. तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येक जण आत जाऊन एक ‘इफ’ वाढवून गुपचूप बाहेर येत होता.

सोनारक्यूबसारखं कोड तपासणारं टूल असेल तर त्याने सुचवलेल्या जागा पाहा, पण ‘एकूण कर्ज १४०० दिवस’ असा आकडा वरिष्ठांना दाखवू नका. त्याचं कर्ज-गुणोत्तर काढताना एक ओळ लिहायला ३० मिनिटं लागतात असं मुळात धरलेलं असतं, आणि दुरुस्तीचे दिवस म्हणजे प्रत्येक नियमभंगाला ठरवून दिलेल्या मिनिटांची बेरीज. रोज बदलणारी फाइल आणि पाच वर्षं झोपलेली फाइल त्याला सारखीच. शिवाय १४०० दिवस ऐकल्यावर माणूस एकच निष्कर्ष काढतो: हे होणार नाही, सोडून द्या.

४. वही मांडा

साधी शीट पुरते. वीस ते तीस नोंदी, त्याहून जास्त नकोत. एक नोंद जशीच्या तशी दाखवतो:

नोंद ७. जागा: इनव्हॉइसमधला जीएसटीचा हिशेब. काय झालंय: कराचा दर तीन ठिकाणी लिहिलाय, एक कोडमध्ये, एक डेटाबेसमध्ये, एक पीडीएफच्या टेम्प्लेटमध्ये. व्याज: कराच्या नियमात काही बदललं की तीन जागी बदल आणि टेस्टिंग मिळून अडीच दिवस, गेल्या वर्षी चार वेळा, म्हणजे दहा दिवस. धोका: एकदा टेम्प्लेट राहून गेलं, क्रेडिट नोटा काढाव्या लागल्या. मुद्दल: सहा दिवस. कोणाकडे: बिलिंग टीम. पुन्हा कधी पाहायचं: बजेटआधी.

वर्षाला दहा दिवसांचं व्याज आणि सहा दिवसांचं मुद्दल. यावर मीटिंग लागत नाही. जीएसटी कौन्सिलने ३ सप्टेंबर २०२५ ला नवे दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. मधल्या एकोणीस दिवसांत ज्यांचा दर एका जागी होता त्यांनी टेबल बदललं. ज्यांच्या कोडमध्ये १२ हा आकडा जागोजागी पेरलेला होता त्यांना आधी यातला कर कोणता आणि वर्षाचे महिने कोणते हे वेचत बसावं लागलं असणार.

व्याजाचा आकडा अचूक नसला तरी चालतो. तो टीमसमोर काढा, मात्र. डेव्हलपर एकट्याने काढला तर फुगतो, मॅनेजरने एकट्याने काढला तर आकसतो.

५. मागायचं कसं

रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे कोडचं काम न बदलता त्याची रचना नीट करण्यासाठी, मी आधी असा वेळ मागायचो:

‘रिफॅक्टरिंगला दोन आठवडे हवेत.’
‘कशासाठी?’
‘कोड खूप मेसी झालाय.’
‘चालतोय ना पण?’
‘चालतोय, पण...’
‘मग पुढच्या क्वार्टरला बघू.’

वही हातात आल्यावर त्याच प्रॉडक्ट मॅनेजरशी बोललो: ‘पेमेंटच्या गेल्या पाच फीचर्सना मिळून आपण धरलेल्यापेक्षा सव्वीस दिवस जास्त गेले. सगळी त्या एकाच फाइलमधून गेलीत. पुढच्या क्वार्टरला तू अजून तीन ठेवली आहेस. आधी बारा दिवस दिलेस तर ती तिन्ही धरलेल्या तारखेच्या जवळपास होतील.’

तिने रिफॅक्टरिंग म्हणजे काय हे विचारलंच नाही. विचारलं ते हे: ‘बाराचे वीस होणार नाहीत कशावरून?’

प्रश्न रास्त होता. म्हणून बारा दिवसांचे चार-चार दिवसांचे तीन तुकडे केले, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे लाइव्ह जाईल असा. पहिल्या तुकड्यानंतर फरक दिसला नाही तर थांबायचं, हे कबूल केलं. एवढ्यावर होकार मिळाला. काम अखेर पंधरा दिवसांत झालं, पण मधल्या काळात दोन तुकडे लाइव्ह गेलेले असल्यामुळे कोणी तोंड वाकडं केलं नाही.

६. फेडायचं कसं

दर स्प्रिंटचा (कामाच्या ठरलेल्या छोट्या फेरीचा) वीस टक्के वेळ टेक डेटला, हा नियम स्लाइडवर फार शोभतो. मी पाहिलंय त्यात दुसऱ्या-तिसऱ्या स्प्रिंटपासून तो वेळ उशिरा चाललेल्या फीचरचा राखीव साठा होतो. ठेवायचाच असेल तर टक्का ठेवू नका, नोंदीचं नाव ठेवा: या स्प्रिंटमध्ये नोंद ७, अमुक दोघं.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ज्या फीचरसाठी त्या कोडमध्ये जायचंच आहे, त्याच फेरीत वाटेतलं फेडणं. फीचरच्या अंदाजातच ते धरा, वेगळी ओळ दाखवलीत की ती कापली जाते. हात घालण्याआधी मात्र कोड आज जे करतो तेच टेस्टमध्ये नोंदवून घ्या, चुकीचं वाटलं तरी. त्या चुकीवर कोणा ग्राहकाची एक्सेल शीट उभी असू शकते.

सगळं थांबवून साफसफाई करणं अगदी शेवटचा उपाय, पण तो झालेला आहे. लिंक्डइनने २०११ मध्ये शेअर बाजारात उतरल्यानंतर काही महिन्यांतच नव्या फीचर्सचं काम सुमारे दोन महिने थांबवून आतली यंत्रणा सुधारली. यासाठी वरून पाठिंबा लागतो, आणि शेवटची तारीख आधीच जाहीर लागते.

मुळापासून पुन्हा लिहूया, हा प्रत्येक नव्या टीमचा आवडता प्रस्ताव. त्यावर नेटस्केपचं उदाहरण अजून पुरतं. चौथ्या आवृत्तीनंतर त्यांनी ब्राउझर नव्याने लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती आलीच नाही, आणि नेटस्केपची सहावी आवृत्ती नोव्हेंबर २००० मध्ये बाहेर पडली तोवर बाजार इंटरनेट एक्सप्लोररने नेला होता. याच्या उलट कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटहबने रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या ३.२ वरून ५.२ वर जायला सुमारे दीड वर्ष घेतलं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते पूर्ण केलं. या काळात एकच कोड जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा ठेवला होता. बाकीच्या टीम फीचर्स करतच होत्या. मोठ्या सिस्टिमचंही असंच करा: जुन्याच्या पुढे एक पातळ थर ठेवा, एकेक रस्ता नव्याकडे वळवा, वळलेला रस्ता जुन्यातून लगेच काढून टाका. हे शेवटचं राहिलं की दोन सिस्टिम सांभाळायच्या, म्हणजे व्याज दुप्पट.

७. मेलेला कोड पुरा, पण नाडी बघून

१ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीने नवा कोड लाइव्ह नेला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो चढवायचा राहिला. नव्या कोडने एक जुना फ्लॅग (कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरात घेतला होता. तोच फ्लॅग त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ हे फंक्शन जागं करत होता, जे २००३ पासून कोणी वापरलं नव्हतं, पण काढलंही नव्हतं. ऑर्डर किती पूर्ण झाल्या हे मोजून थांबवणारा भाग २००५ मध्ये दुसरीकडे हलवला गेला होता. त्यानंतर पॉवर पेग चालतं का, हे तपासायचं कारणच कोणाला वाटलं नव्हतं. बाजार उघडायच्या आधी त्या फंक्शनचं नाव असलेल्या ९७ ईमेल सिस्टिमने आपणहून पाठवल्या होत्या. त्या इशारे म्हणून कोणी पाहत नसे. गडबड झाल्यावर टीमने उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, आणि आता आठही सर्व्हर तेच करू लागले. पंचेचाळीस मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा. वर्षभराच्या आत कंपनी दुसरीत विलीन झाली.

नऊ वर्षं त्या कोडचं व्याज शून्य होतं. माझ्या हिशेबाच्या पद्धतीला हे मोठं भोक आहे, म्हणून वहीत धोक्याचा रकाना वेगळा ठेवायचा. प्रत्येक फीचर फ्लॅगला मालक आणि शेवटची तारीख द्या, आणि फ्लॅगचं नाव पुन्हा कधीही वापरू नका.

काढतानाही बेतानेच. आधी त्या फंक्शनमध्ये लॉग टाका, काही महिने वाट पाहा, मग बंद करा, मग पुसा. मी एकदा तीन महिने शांत राहिलेलं एक फंक्शन पुसलं. डिसेंबरअखेर होती. ३१ मार्चला रात्री साडेनऊला फायनान्सच्या एका मॅडमचा फोन आला: ‘अहो, क्लोजिंगची एन्ट्री पडत नाहीये.’ ते फंक्शन वर्षातून एकदाच चालत होतं. तेव्हापासून हिशेबाशी संबंध असलेलं काहीही काढायचं तर मी एक मार्च एंड जाऊ देतो.

८. लायब्ररीची उधारी

ही आपण घेतलेली नसते, ती आपोआप चढते. इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट माहिती कंपनीतल्या २०१७ च्या चोरीत अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतल्या भोकावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. चोर मे महिन्यात आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं भोक निघालं तेव्हा आमच्याकडे पहिले सहा तास पॅच करण्यात गेलेच नाहीत, ती लायब्ररी नेमकी कुठे कुठे वापरलीय हे शोधण्यात गेले. म्हणून लायब्रऱ्यांची यादी कायम ताजी ठेवा आणि महिन्यातला एक दिवस छोट्या अपग्रेडला द्या. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपणार हे कितीतरी वर्षं आधी जाहीर होतं, तरी डिसेंबरमध्ये धावपळ झालीच.

९. नवं घेताना चिठ्ठी लिहा

उधारी बंद होणार नाही, व्हायलाही नको. फक्त घेताना चार ओळी लिहून कोडशेजारी ठेवा: काय टाळलं, का टाळलं, कोणी होकार दिला, आणि काय झालं की फेडायचं. ‘नंतर’ ही अट चालत नाही. ‘दुसरा पेमेंट गेटवे आला की’ ही चालते. तारीख नसलेला टूडू (कोडमधली ‘हे करायचंय’ अशी टीप) सीआयमध्येच, म्हणजे कोडच्या आपोआप होणाऱ्या तपासणीतच, नापास होईल अशी सोय करा. पहिले दोन आठवडे लोक वैतागतात, मग टूडू कमी लिहू लागतात.

वही तीन महिन्यांनी एकदा उघडा, तासाभरासाठी. फेडलेलं खोडा, व्याजाचे आकडे पुन्हा विचारा. ज्या नोंदीचं व्याज दोनदा शून्य आलं आणि धोक्याचा रकानाही रिकामा आहे, ती सरळ काढून टाका. मॉड्यूलच बंद होणार असेल तर त्याचं कर्ज बुडीत खात्यात टाकून मोकळे व्हा.

आमच्या २१४ तिकिटांतली २६ वहीत आली. उरलेली १८८ मी एका शुक्रवारी संध्याकाळी बंद केली आणि प्रत्येकावर लिहिलं की हरकत असेल तर उघडा. सोमवारी दोन उघडली गेली. त्यातलं एक त्या रिपोर्ट जनरेटरचं होतं. उघडणाऱ्याला व्याज विचारलं तर म्हणाला, ‘व्याज नाही हो, बघवत नाही फक्त.’ ते पुन्हा बंद केलं.